बिनदाराचं घर आणि लॉकवाला मोबाईल

चहा ओतलाच आहे तर आता सांगून टाकतो. तसाही हा किस्सा शिंगणापुरापासून घोडेगावापर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालाय, एक तुम्हीच राहिला होतात. फक्त एक अट आहे. हसायचं ते शेवटी हसा. मध्येच हसलात तर मी उठून जाईन, आणि मग उरलेलं तुम्हाला गोरखकडून ऐकावं लागेल. तो त्यात मीठमसाला घालतो.

तर मी दत्तू. शनिशिंगणापुरात माझं तेलाचं दुकान. दुकान म्हणजे काय, वर चार पत्रे, खाली एक बाकडं, त्यावर तिळाच्या तेलाच्या बाटल्या, रुईच्या माळा, काळं कापड आणि घोड्याच्या नाला. शनिवारी आणि अमावस्येला मान वर करायला फुरसत नसते, बाकीचे दिवस मान वर करून आभाळ बघत बसायचं. वीस वर्षं तेलात हात घालून माझी बोटं अशी झालीत की मी कुणाच्या हातात हात दिला, तर तो माणूस आधी रुमाल शोधतो.

आमच्या गावची रीत तुम्हाला माहीत आहेच. घराला चौकट असते, दार नसतं. कुलूप लावायचं नाही. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "खरंच का हो दार नसतं?" बाकीचे दुकानदार "व्हय" म्हणतात आणि बाटली हातात देतात. मी भाषण देतो! सवयच आहे मला. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, पण भाषण अर्धवट सोडायचं नाही.

गेल्या वर्षी पुण्याहून एक जण कॅमेरा घेऊन आला. त्याने नेमका माझ्याच तोंडासमोर माईक धरला. मग काय विचारता!

"घराला दार न्हाई, दुकानाला शटर न्हाई, कपाटाला कुलूप न्हाई," मी छाती पुढे काढून म्हणालो. इथे थांबलो असतो तर आज हा किस्साच नसता. पण मी कसला थांबतोय? कुणी विचारलेलं नसताना खिशातून मोबाईल काढला आणि कॅमेऱ्यासमोर नाचवला. "आन् ह्ये बगा, ह्याला सुदीक लॉक न्हाई! ज्याच्या मनात खोट, त्याच्याच मोबाईलला लॉक!"

आता खरं सांगू का? गावात बाकी सगळ्यांच्या मोबाईलला लॉक आहे. रीत घराची आहे, मोबाईलबद्दल कुणीच कधी काही म्हटलेलं नाही. ते मी एकट्यानेच म्हटलं. आणि ते रील असं पसरलं, की नेवाशाच्या बाजारात भाजीवाली मला बघून म्हणाली, "त्ये मनात खोटवाले तुमीच का?" मी मान डोलावली आणि कोथिंबिरीची जुडी फुकट घेतली. त्या जुडीची किंमत पुढे मला चांगलीच मोजावी लागली.

फाल्गुनात तो फोन बाजारात आला.

नाव सांगत नाही. कंपनीची फुकट जाहिरात मी कशाला करू? पंचवीस हजाराला एक रुपया कमी. म्हणजे गरिबाला परवडणार नाही, श्रीमंत ढुंकून बघणार नाही, तुमच्या-माझ्यासारखा मधला माणूस मात्र बरोबर गळाला लागेल, असा बेतून बनवलेला. माझ्या जुन्या मोबाईलची काच एका कोपऱ्यात तडकली होती, आणि दुपारी दोनला तो मान टाकायचा. पण फोन लागायचा, पैसे जमा झाल्याचं कळायचं, फोटो निघायचा. तेल विकणाऱ्याला आणखी काय लागतं?

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. मी तो यूट्यूबवरच्या दाढीवाल्याला विचारला.

तुम्ही ते रिव्ह्यू बघता का? बघू नका. एकदा माणूस त्यात शिरला की गेला! दाढीवाला खोका उघडतो, वास घेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "मिड-रेंजचा नवा बादशहा!" पुढच्या आठवड्यात दुसरा खोका, दुसरा बादशहा. आधीच्या बादशहाचं काय झालं, कुणी विचारत नाही. मी असे सव्वाशे-दीडशे व्हिडिओ पाहिले. गिऱ्हाईक म्हणायचं, "एक बाटली द्या," आणि माझ्या डोक्यात एकशेवीस हर्ट्झ. एकशेवीस हर्ट्झ म्हणजे काय ते मला आजही माहीत नाही. पण तेव्हा मी गोरखला ते इतक्या ठसक्यात समजावून सांगितलं, की त्याने चहाचं आधण उतू घालवलं.

गोरख म्हणजे माझ्या शेजारचा चहावाला. मनाने चांगला, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

फोन घ्यायला अडचण एकच होती. ती म्हणजे घरघंटी.

माझी बायको मंदा दोन दिवाळ्या झाल्या घरघंटी मागतेय. आमच्याकडे दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागतं. तिथे पोचलं की लाईट जाते. तासभर बसा, लाईट आली की आपल्या गव्हाच्या आधी कुणाची तरी बाजरी. घरी येऊन पोळ्या केल्या की त्या करड्या निघतात. मंदाने कधी आदळआपट केली नाही. ती नुसती ती करडी पोळी माझ्या ताटात वाढायची आणि माझ्याकडे बघायची. शेवटी मी तिच्या भावासमोर शब्द दिला, "येत्या पाडव्याला घरघंटी दारात!" भाऊ म्हणाला, "दाजी, तुमच्या घराला दार कुठंय?" सगळे हसले, पण शब्द तर गेला होता.

त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, ते बरोबर त्या फोनइतके होते. म्हणजे एक तर फोन, नाही तर घरघंटी. पाडव्याला पंधरा दिवस उरले होते. शहाण्या माणसाला यात ठरवण्यासारखं काय आहे? पण मी ठरवत बसलो. बाटल्यांची रिकामी खोकी आणायच्या निमित्ताने तीनदा नगरला गेलो आणि तीनदा तो फोन हातात घेऊन आलो. चौथ्या खेपेला दुकानातली मुलगी मला बघून काउंटर पुसायचं फडकंच घेऊन आली.

"काका, आज घेणार का परत नुसतं तेल लावून जाणार?"

"बगतोय. घाई कशाला?"

"मग हे बघितलं का? यात तिजोरी आहे. प्रायव्हेट. तुम्ही आत काय ठेवलंय ते घरातसुद्धा कुणाला दिसणार नाही."

मी चमकलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तिजोरी दाखवत होतं. परतीच्या एसटीत मी विचार करत बसलो की आत ठेवायचं काय? पन्नाशीला आलो, माझ्याकडे एकसुद्धा गुपित नव्हतं! खूप शोधलं तेव्हा एक सापडलं. बायकोपासून लपवून मी गुपितं लपवायचा फोन घ्यायला निघालो होतो, एवढंच काय ते माझं गुपित.

त्याच दिवशी मी ती घोडचूक केली. दाढीवाल्याच्या व्हिडिओखाली कॉमेंट टाकली. माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट, ज्यात मी दोन्ही हातांत तेलाच्या बाटल्या धरून उभा आहे. लिहिलं, "सर, मी अहिल्यानगर जिल्ह्यातून. पाडव्याला बायकोला घरघंटी घेण्याचा शब्द दिला आहे. त्याच पैशात हा फोन घेऊ का? घेतला तर तिला काय सांगू?"

दाढीवाल्याने उत्तर दिलं नाही. बाकी महाराष्ट्राने दिलं. "भाऊ, फोन घ्या, घरघंटी हप्त्यावर घ्या." "थांबा, महिन्याभरात उतरेल." "घरघंटीचा प्रोसेसर कोणता आहे?" "वहिनींचा नंबर द्या, मी समजावतो." मी एकेक उत्तर तीन तीनदा वाचलं आणि आणखी गोंधळलो.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की मोबाईलला लॉक नाही! मंदा रोज संध्याकाळी माझाच मोबाईल घेऊन रेसिपी बघते. यूट्यूब उघडलं की समोर ओळीने दाढीवाला. सोमवारी दुकानात बसून, इकडेतिकडे बघत, मी मोबाईलला पॅटर्न लॉक टाकला. नऊ ठिपके असतात ना, त्यांवरून बोट फिरवायचं. वर आडवं, मग तिरपं खाली, मग परत आडवं. ज्या माणसाच्या घराला दार नाही, त्याने आयुष्यातलं पहिलं कुलूप लावलं, तेही घरघंटीच्या भीतीने.

संध्याकाळी मंदाने नेहमीसारखा मोबाईल उचलला आणि आत गेली. मी उत्तर तयार ठेवून बसलो होतो. तिने काही विचारलंच नाही. थोड्या वेळाने मोबाईल परत आणून ठेवला आणि म्हणाली, "जेवायला बसा."

मी मनात म्हटलं, सुटलो! हिला लॉक दिसला, उघडला नाही, दिला सोडून. बघा, किती साधी बायको आहे आपली.

साधी! अहो, ऐका पुढे.

बुधवारी गोरखने दूधवाल्याला फोन करायला माझा मोबाईल घेतला. तो नेहमीच घेतो, विचारतसुद्धा नाही. घेतला आणि चटका बसल्यासारखा ओरडला.

"दत्तूभाऊ! ह्ये काय? लॉक?"

"त्ये... अपडेट आलं हुतं. कंपनीनंच टाकलं आपोआप."

"आन् त्ये ज्याच्या मनात खोट..."

"गोरख, च्या उतू चाललाय."

चहा उतू गेला नाही, पण गोरख गेला. दुपारपर्यंत दुकानांच्या सगळ्या ओळीत झालं, की रीलवाल्या दत्तूच्या मोबाईलला लॉक लागला. दुसऱ्या कुणाच्या मोबाईलला लॉक असता तर कुणी विचारलं नसतं. माझ्या लॉकचा मात्र गावाने दोन दिवस कीस पाडला. गुरुवारी ऐकलं, की मी ऑनलाईन पत्ते खेळतो. शुक्रवारी सकाळी ऐकलं, की राहुरीला माझं काहीतरी आहे. राहुरीला! तिथे मी एकदा एसटी बदलायला उतरलो होतो, तेवढंच.

शनिवारी गर्दी होती. मोबाईल बघायला सवड झाली नाही, आणि मला वाटलं विषय थंडावला. पण एक अफवा वस्तीवर पोचली होती, माझ्या थोरल्या भावाकडे. रविवारी सकाळी दादा मोटारसायकलवरून आला तो थेट गोरखच्या टपरीसमोर थांबला. पायाला उसाच्या शेतातला चिखल तसाच होता. मी चहा पीत होतो. अजून आठ-दहा जण बसले होते.

"दत्त्या, मोबाईल उघड."

"का रं दादा? बस की. च्या घे."

"च्या न्हाई प्यायचा मला. रस्त्याकडंचं वावर इकायला काढलंय म्हनं तू. दलालाशी बोलनं चाललंय म्हनं, गुपचूप. म्हनून लॉक लावलाय."

"कोन म्हनलं?"

"कोन म्हनलं त्ये सोड. आपले आबा गेल्यापास्नं त्या वावराच्या वाटनीचं कदी तोंडातून काडलं का मी तुज्याम्होरं? तुज्या पोरीच्या लग्नात बी काडलं न्हाई. आन् तू माज्यापास्नं लपवतो?" दादाने पंच्याने तोंड पुसलं, पण पुसलेला घाम नव्हता ते मला कळलं.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? मोबाईल उघडला तर दाढीवाला दिसणार, कॉमेंट दिसणार, आणि पाडव्याचा शब्द मोडायला निघालो होतो ते चारचौघांत उघडं पडणार. न उघडला तर सख्खा भाऊ जन्मभर तोंड बघणार नाही. कुठलाही शहाणा माणूस मोबाईल उघडेल. मी म्हणालो, "दादा, पॅटर्न इसारलो."

"इसारला?"

"व्हय. अपडेट आलं ना, त्यात इसारलो."

आणि खरं वाटावं म्हणून मी सगळ्यांदेखत मुद्दाम चुकीचं बोट फिरवलं. एकदा, दोनदा, पाचदा. मोबाईल म्हणाला, तीस सेकंद थांबा. गोरखने मोठ्याने मोजायला सुरुवात केली. "येक, दोन, तीन..." पाहता पाहता सगळी टपरी मोजू लागली. बसमधून उतरलेले चार भाविकही थांबले आणि कशासाठी ते न विचारता मोजू लागले. माझ्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरला.

सत्तावीसला मंदा आली. हातात माझा जेवणाचा डबा. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबा बाकड्यावर ठेवला.

"काय झालं भाऊजी?"

"ह्याला इचार. मोबाईल उघडत न्हाई म्हनतो."

"आना इकडं."

तिने मोबाईल घेतला. पुसला नाही, काही नाही. नुसता उन्हाकडे तिरपा धरला. "ह्ये बगा," ती म्हणाली. सगळे वाकले. मीसुद्धा वाकलो. काचेवर तेलाची ठसठशीत रेघ! वर आडवी, मग तिरपी, मग परत आडवी. आताच्या पाच खोट्या रेघा तिच्यावरून पुसट गेल्या होत्या, पण आठवडाभर रोज पन्नासदा घोटलेली ती खरी रेघ कोण मोडणार? वीस वर्षांचं तिळाचं तेल होतं ते, सहजासहजी जातंय होय!

मंदाने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मोबाईल उघडला.

"सोमवारपास्नं अशीच उघडते मी," ती म्हणाली. "आदी वाटलं, पुसून द्यावं. मंग म्हनलं ऱ्हाऊ दे, यांनाच सोपं पडतंय."

पुढचं काम गोरखने केलं. त्याने तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि यूट्यूब उघडून, शाळेत धडा वाचतात तसं वाचायला सुरुवात केली. "सर, मी अहिल्यानगर जिल्ह्यातून..." मी डोळे मिटले. घरघंटी आली, शब्द आला, "तिला काय सांगू" आलं. उत्तरंही आली, प्रोसेसरसकट. टपरी गडगडून हसत होती. मग गोरख अडखळला.

"आरं, ह्ये खाली कोन? त्योच फोटू, दोन बाटल्या! दत्तूभाऊ, तुमीच इचारता आन् तुमीच उत्तर देता व्हय?"

"मी कुठं दिलंय?"

"शुक्कुरवारचं हाय. ऐका. 'फोन घेऊ नका. घरघंटी घ्या. आणि तिला काही सांगू नका, तिला माहीत आहे.'" गोरखने वर पाहिलं. "खाली दाढीवाल्यानं बदाम दिलाय."

मी आठ दिवस ज्याच्या उत्तराची वाट पाहिली, त्याने बदाम दिला तो मंदाच्या उत्तराला. तोही माझ्या नावावर!

मला त्या क्षणी खरंच लाज वाटली, खोटं कशाला सांगू? ती ओरडली असती, रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. ती नुसती डबा उघडून पोळी काढत होती, आणि पोळी करडी होती.

दादा मटकन बाकड्यावर बसला. "म्हंजे वावराचं काय न्हाई?"

"न्हाई रं दादा. फोनचं हुतं सगळं."

"येवड्यासाठी माजं पानी भरायचं ऱ्हायलं. उसाचं बारं फुटून पानी वाया चाललं असंल तिकडं." तो माझ्याकडे बघत राहिला, मग हसायला लागला आणि डोळे पुसून गोरखला म्हणाला, "घाल च्या. दोन घाल. त्याला बिनसाखरंचा."

पाडव्याला घरघंटी आली. टेम्पोतून उतरवताना निम्मं गाव जमलं होतं. उतरवल्यावर कळलं, की ती एखाद्या छोट्या कपाटासारखी असते आणि तिला पुढून चक्क दार असतं. टेम्पोवाला कौतुकाने सांगत होता, "वहिनी, लहान पोरांनी हात घालू नये म्हणून याला लॉकपण दिलाय कंपनीने. ही किल्ली." लोक एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या घरातलं पहिलं दार, तेही घरघंटीला! त्याच आठवड्यात दाढीवाल्याने नवा बादशहा आणला होता, आणि माझा फोन तीन हजारांनी उतरला होता. ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मंदाने घरघंटीला हळद-कुंकू वाहिलं, पहिलं दळण घातलं, पांढरंशुभ्र पीठ परातीत घेतलं आणि सगळ्यांदेखत चिमूटभर माझ्या कपाळाला लावलं. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

मग तिने ती किल्ली पदराने पुसली आणि माझ्या तेलकट हातात ठेवली.

"ही तुमी ठेवा," ती म्हणाली. "आपल्या घरात कुलपाची सवय तुमाला येकट्यालाच हाय."